मॉर्फीचं रेटिंग किती आणि आजोबांचं किती

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. जुळे सोलापूरच्या एका पालकांनी विचारलंय. पोरगा आठवीत, बुद्धिबळ खेळतो, फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) १६८०, तो म्हणतो पॉल मॉर्फी, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन खेळाडू, आज आला तर आपल्या जिल्हा स्पर्धेत पहिल्या दहात पण येणार नाही. त्याचे आजोबा म्हणतात मॉर्फीनं माजी विश्वविजेत्या कार्लसनला पण पाणी पाजलं असतं. घरात रोज रात्री जेवताना हाच वाद. शिवाय आजोबा स्वतः गिरणीत कामाला होते, सत्तरच्या दशकात तिथे त्यांना कोणी हरवत नव्हतं म्हणे, डावांच्या वह्या अजून कपाटात आहेत, तर आजच्या हिशोबानं त्यांचं रेटिंग काय निघेल?

मी पंचवीसेक वर्षं पोरांना शिकवतोय, स्पर्धांना आर्बिटर म्हणजे पंच म्हणून बसतोय, आणि जुन्या खेळाडूंचे आकडे काढायचा नाद मला फार आधीपासून आहे त्यामुळं उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

सरळ उत्तर असं की दोघंही चुकतायत, पण पोरगा जास्त चुकतोय. १८५८ चा मॉर्फी जसाच्या तसा उचलून आज पटावर बसवला तर माझ्या अंदाजानं तो २३०० ते २५०० च्या मधे कुठंतरी खेळेल, म्हणजे आपली जिल्हा स्पर्धा तो निम्म्या वेळात जिंकून सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरायला जाईल. कार्लसन मात्र त्याला उभा पण राहू देणार नाही. आता हा २३०० ते २५०० आकडा आणलाय कुठून हे महत्त्वाचं, कारण ही रेटिंगची पद्धत काढणाऱ्या अर्पाद एलो यांनी स्वतः मॉर्फीला २६९० दिलेत. म्हणजे मी काय एलोंपेक्षा शहाणा आहे का? तसं नाही. प्रश्नच दोन वेगळे आहेत आणि लोक ते एकात कालवतात.

एलो हे अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः चांगले खेळाडू. त्यांची पद्धत अमेरिकन फेडरेशननं १९६० मध्ये घेतली आणि फिडेनं १९७० मध्ये. त्या पद्धतीत रेटिंग म्हणजे फक्त अंतर. पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर म्हटलं की कुठून हे विचारावं लागतं ना, तसंच. दोघांत २०० चा फरक असला तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ पॉइंट घ्यावेत एवढंच ते सांगतं, मग ते १४०० आणि १६०० असोत नाहीतर २४०० आणि २६००. उद्या सगळ्यांना पाचशे-पाचशे वाढवून दिले तर पद्धतीला काही फरक पडत नाही. तुमच्या पोराला १ मार्च २०२४ आठवत असेल, त्या दिवशी फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्यांना २००० पर्यंतच्या अंतराच्या चाळीस टक्के पॉइंट देऊन टाकले. माझ्याकडची एक मुलगी रात्री १२५० म्हणून झोपली आणि सकाळी १५५० म्हणून उठली, घोडा फुकट द्यायची सवय मात्र तशीच होती. आता शंभर वर्षांनी कोणी तिचा आलेख काढला तर म्हणेल फेब्रुवारीत हिनं काय अभ्यास केला असेल बे!

तर पहिला प्रश्न, तो माणूस आपल्या काळातल्या लोकांच्या किती पुढं होता. दुसरा, त्याच्या खेळ्या मुळात किती चांगल्या होत्या. पहिल्याचं उत्तर निकालांतून निघतं आणि दुसऱ्याचं डावांतून, आणि या दोन उत्तरांचं एकमेकांशी जमेलच असं काही नाही.

पहिला घेऊ, कारण तो कागद-पेन्सिलनं करता येतो. डिसेंबर १८५८, पॅरिस. समोर अँडरसन, १८५१ ची लंडनची स्पर्धा जिंकलेला, त्या काळचा युरोपातला सगळ्यात मोठा खेळाडू. मॉर्फी २१ वर्षांचा, नुकता आजारातून उठलेला. ११ डाव झाले, मॉर्फी ७ जिंकला, २ हरला, २ बरोबरीत. म्हणजे ११ पैकी ८ पॉइंट, जवळजवळ ७३ टक्के. एलोच्या सूत्रात टाकलं की फरक येतो १७० चा. छान. आता यातले फक्त दोन डाव उलटे करा. दोन जिंकलेले हरला असं धरा, एखादी चुकीची खेळी, एखाद्या दिवशी ताप चढला, एवढंच. मग ८ चे ६ होतात आणि फरक १७० वरून घसरून ३२ वर येतो! दोन डावांनी १४० पॉइंट गेले. संख्याशास्त्रात ज्याला ९५ टक्के खात्रीची मर्यादा म्हणतात ती या मॅचसाठी काढली तर खरा फरक जवळजवळ शून्यापासून पाचशेपर्यंत कुठंही असू शकतो. आणि ही मॉर्फीच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची मॅच. अजून लोवेनथालशी झालेली मॅच आहे, हारविट्झशी झालेली आहे, १८५७ ची न्यूयॉर्कची स्पर्धा आहे जिथं त्यानं फायनलला पॉलसनला हरवलं, सगळं धरूनही बरोबरीच्या पायावर खेळलेले गंभीर डाव फार थोडे, त्यानंतर वकिली करायची म्हणून गड्यानं खेळच सोडला. उरलेले कितीतरी डाव समोरच्याला सूट देऊन, म्हणजे आपला एक घोडा किंवा एक प्यादं आधीच काढून ठेवून खेळलेले, ते या हिशोबात कसे धरायचे हा वेगळाच ताप.

मग असे तुटक निकाल जोडायचे कसे तर साखळी लावून. मॉर्फी अँडरसनशी खेळला, अँडरसन १८६६ मध्ये स्टाइनिट्झकडून ८-६ नं हरला, स्टाइनिट्झ १८९४ मध्ये लास्करकडून हरला, लास्कर म्हातारपणी तिशीच्या दशकात बोट्विनिकशी खेळला, बोट्विनिक १९६२ ला फिशरशी, फिशर स्पास्कीशी, स्पास्की कारपॉवशी, कारपॉव आनंदशी, आनंद गुकेशशी. स्टाइनिट्झपासून पुढचे हे सगळे विश्वविजेते. बघायला गेलं तर मॉर्फीपासून गुकेशपर्यंत हातात हात आहेत, नऊ कड्या फक्त. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण लहानपणी कानगोष्टी खेळलाय ना, पहिला म्हणतो कडक भाकरी आणि शेवटच्याला ऐकू येतं लकडा फकीर, तसं प्रत्येक कडीला चूक साठत जाते. त्यात माणूस पण मधे बदलतो, १८६६ चा स्टाइनिट्झ आणि १८८६ चा स्टाइनिट्झ हे बुद्धिबळाच्या दृष्टीनं दोन वेगळी माणसं आहेत, आणि लास्कर बोट्विनिकशी खेळला तेव्हा पासष्टीच्या पुढं होता.

हे काम नीट करणारे लोक आहेत. कॅनडाचे रॉड एडवर्ड्स हे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या वर्षांची रेटिंग एकदमच काढली, प्रत्येक खेळाडूचं एक वर्ष त्याच्याच पुढच्या वर्षाशी बांधून, म्हणजे १८५७ चा मॉर्फी आणि १८५८ चा मॉर्फी आपसांत डाव खेळतायत असं धरून. कल्पना मला फार आवडते. अमेरिकेचे जेफ सोनास, त्यांनी वेगळी पद्धत लावली, त्यात फिशर शिखरावर २८९५ ला पोचतो. आता गंमत बघा, क्यूबाचा जुना विश्वविजेता कापाब्लांका एलोंच्या यादीत २७२५ आहे आणि सोनासच्या यादीत २८७७. माणूस तोच, डाव तेच, दीडशेचा फरक. कोण बरोबर? दोघंही, कारण शून्य किलोमीटरचा दगड दोघांनी वेगवेगळ्या जागी रोवलाय. म्हणून कोणी तुम्हाला नुसता आकडा सांगितला तर आधी कुठल्या यादीतला ते विचारा, आणि एका यादीतला आकडा दुसऱ्या यादीतल्या आकड्याशी कधीच लावू नका. नेटवरचे निम्मे वाद याच्यावरच चालतात.

बंद डबक्याचा धोका पण आहे. अमेरिकेत क्लॉड ब्लडगुड नावाचा एक कैदी होता, तुरुंगात इतर कैद्यांशीच रेटेड डाव खेळून खेळून तो १९९६ मध्ये २७०२ ला पोचला, कागदावर देशात दुसरा! खेळाडू तो बरा होता, पण तेवढा नाही. बाहेरच्याशी गाठ पडत नाही तोवर रेटिंग ही घरातली गोष्ट असते. आजोबा, गिरणीत तुम्हाला कोणी हरवत नव्हतं हे मी मान्य करतो हो, पण गिरणीबाहेर कोणाशी खेळलात ते सांगा.

जुन्या निकालांत अजून खड्डे आहेत ते पटकन सांगतो. १८६२ च्या लंडन स्पर्धेत बरोबरीचा डाव मोजलाच जात नव्हता, परत खेळायचा. दोन तबकड्यांचं घड्याळ स्पर्धेत आलं १८८३ ला, त्याआधी कुठं वाळूचं घड्याळ तर कुठं काहीच नाही, समोरचा तासन् तास विचार करत बसला तर आपण पण बसायचं. अशा डावातली चूक आणि आजच्या ९० मिनिटांच्या डावातली चूक एका तराजूत टाकता येत नाही.

आता दुसरा प्रश्न, खेळ्यांचा दर्जा. पोरांना हाच जास्त आवडतो कारण फोनवर स्टॉकफिश आहे, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, त्यालाच इंजिन म्हणतात, डाव टाकला की खेळ्या किती अचूक त्याचे टक्के येतात. स्लोव्हेनियाच्या गुइड आणि ब्राट्को यांनी २००६ मध्ये स्टाइनिट्झपासून क्रॅमनिकपर्यंतच्या विश्वविजेत्यांचे विश्वविजेतेपदाचे सामने घेतले, क्राफ्टी नावाच्या इंजिनला लावले, पहिल्या ११ खेळ्या सोडून १२ व्या पासून मोजलं, एकीकडं डाव पार कललेला असला तर ती पोझिशन काढून टाकली, आणि प्रत्येक खेळीत सरासरी किती चूक झाली ते काढलं. पहिला आला कापाब्लांका. जगभर बोंबाबोंब. एक आक्षेप असा की क्राफ्टी स्वतःच या लोकांपेक्षा कच्चं, म्हणजे दहावीच्या पोरानं प्राध्यापकाचे पेपर तपासल्यासारखं. पण मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती त्यांनी स्वतःच दाखवली होती, की कापाब्लांकाच्या पोझिशन मुळातच सोप्या असायच्या. तो गुंता होऊच देत नव्हता. दुसरा विश्वविजेता ताल मुद्दाम गुंता करायचा, स्वतः पण चुकायचा आणि समोरच्याला त्याहून जास्त चुकवायचा. चुका मोजल्या तर ताल खाली जातो. होटगी रोडला सरळ रस्त्यावर गाडी चालवणारा आणि नव्या पेठेत सणाच्या गर्दीत चालवणारा, ओरखडे कोणाच्या गाडीला जास्त?

हे जवळून बघायचं असेल तर मॉर्फीचा तो ऑपेराचा डाव घ्या, पॅरिस १८५८, समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि एक काउंट दोघं मिळून सल्ल्यानं खेळत होते. १७ खेळ्यांत मात. इंजिनला लावा, मॉर्फीचे टक्के एवढे येतात की आज चीटिंगची केस करतील. पण का येतात? समोरच्यांनी तिसऱ्या खेळीला उंटानं घोडा पिन केला, म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर उघडा पडेल असा बांधला, लगेच चौथ्याला तो घोड्यावर द्यावा लागला, मग वजीर स्वतःच्याच उंटाच्या वाटेत आणून बसवला, सगळी फौज घरात. अशा पोझिशनमधे चांगली खेळी कोणती हे दिसतंच. बरं, आठव्या खेळीला मॉर्फी वजिरानं प्यादं मारू शकत होता. काळ्याला वजिरावजिरी करावी लागली असती, एक प्यादं वर, आरामात जिंकायचं, माझे १६०० वाले विद्यार्थी सगळे तेच मारतात. मॉर्फीनं घोडा बाहेर काढला. त्याला खाटकासारखं कापत बसायचं नव्हतं, सगळे मोहरे आणून मात करायची होती, समोर ऑपेरा चालू होता. इंजिन ही माणसाची निवड आहे म्हणत नाही, वजा करतं. आणि एवढं करूनही या डावातून त्याची ताकद कळत नाही, कळते ती फक्त ड्यूकची!

म्हणून नीट काम करणारे पोझिशन किती अवघड होती ते पण धरतात. बफेलो विद्यापीठाचे केनेथ रेगन, जे चीटिंग पकडण्याच्या गणितासाठी प्रसिद्ध आहेत, त्यांनी खेळ्यांवरून रेटिंग काढायची पद्धत बसवली. त्यातून निघालेली एक गोष्ट आपल्या वादाला कामाची आहे, सत्तरच्या दशकापासून रेटिंग फुगलंय अशी सगळ्यांची ओरड असते, पण खेळ्यांचा दर्जा बघितला तर तसा मोठा फुगवटा दिसत नाही, आजचा २६०० वाला साधारण तेव्हाच्या २६०० वाल्यासारखाच खेळतो, फक्त आज असे लोक कितीतरी जास्त आहेत. आता अंतराच्या बाजूनं बघा. जुलै १९७२ ला फिशर २७८५ आणि दुसरा स्पास्की २६६०, सव्वाशेचं अंतर. मे २०१४ ला कार्लसन २८८२, सगळ्यात वरचा आकडा, पण दुसरा अरोनियन जेमतेम ६५-७० नी मागं. खेळ कोणाचा चांगला? कार्लसनचा, माझ्या मनात शंका नाही. आपल्या काळात जास्त पुढं कोण? फिशर. आजोबा खेळ्यांच्या दर्जाच्या अर्थानं हरतात, काळाच्या पुढं असण्याच्या अर्थानं जिंकतात. मॉर्फीचे ते २६९० पण काळाच्या पुढं असण्याच्या अर्थाचे आणि माझे २३०० ते २५०० खेळ्यांच्या दर्जाच्या अर्थाचे, डाव बघून काढलेले.

आपल्याकडच्या माणसाचं उदाहरण घ्यायचं तर मीर सुलतान खान. पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. आपल्या देशी नियमांनी शिकलेला, ज्यात प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नाही. १९२९ ला इंग्लंडला नेला, त्याच वर्षी ब्रिटिश चँपियन, परत १९३२ आणि १९३३ ला, हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवलं, आणि १९३३ ला मालकाबरोबर परत आला, संपलं. एलोंनी त्याला २५३० दिलेत. फिडेनं २०२४ मध्ये मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. त्याचे डाव इंजिनला लावले तर पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांत चुकांच्या लाल खुणाच खुणा, सुरुवातीच्या खेळ्यांचं पुस्तक त्याला माहीतच नव्हतं. मधला डाव आणि एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा, बघा मग कळतं कापाब्लांका का हरला ते. एकच आकडा दिला की ही दोन टोकं मिसळून जातात, आणि त्याला सहा महिने लॅपटॉप आणि एक कोच दिला असता तर, हा प्रश्न कुठल्याच सूत्रात बसत नाही.

आता आजोबांच्या वह्यांकडं येतो, कारण हा उद्योग मी एकदा केलाय. माझे मास्तर यंत्रमागावर कामाला होते, रेटिंग कधी घेतलंच नाही, ते गेल्यावर घरच्यांनी दोन वह्या माझ्याकडं दिल्या. ६३ डाव. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, मी पंख्याखाली बसून जुन्या नोंदी वाचून एकेक डाव कॉम्प्युटरवर टाकतोय. चाळीसएक डाव झाल्यावर ट्यूब पेटली की मास्तर अजून एकदाही हरलेले नाहीत. सगळे ६३ संपवले, ५९ जिंकलेले, ४ बरोबरी. मास्तर हरलेला डाव वहीत लिहीतच नव्हते! असे निकाल सूत्रात टाकले तर मास्तर समोरच्यांपेक्षा जवळजवळ सहाशेनं वर. खूप हसलो आणि मग थोडं रडू पण आलं.

मग हरलेले डाव शोधले. एका जुन्या खेळाडूकडं सायक्लोस्टाईल केलेलं एका स्पर्धेचं क्रॉसटेबल, म्हणजे कोण कोणाशी जिंकलं-हरलं त्याचा तक्ता, सापडलं, मास्तर ९ पैकी साडेपाच, तिसरे. त्यातल्या दोघांना पुढं फिडे रेटिंग मिळालं होतं, बाकीच्यांचा अंदाज त्या दोघांवरून बांधला, सरासरी १७५० धरली. ९ पैकी साडेपाच म्हणजे सरासरीच्या ७८ वर, म्हणजे १८३० च्या आसपास, आणि इकडंतिकडं दोनशे सहज. इंजिनवर बघितलं तर ओपनिंग अगदी सुलतान खानसारखं, प्यादं एकेक घर पुढं सरकवायची जुनी सवय, पंधराव्या खेळीपर्यंत डाव कायम थोडा खराब. पण हत्तींचे एंडगेम असे खेळायचे की माझ्याकडचे आजचे १९००-२००० वाले तसे खेळत नाहीत, पोरांना दाखवतो मी ते. तर मास्तर १८३० चे का? स्पर्धेच्या हिशोबानं हो. हत्तीच्या एंडगेमला बसवा आणि मग मला विचारा.

तर तुम्ही असं करा. वह्या घेऊन या रविवारी सकाळी, क्लास अकराला सुटतो, पोराला पण आणा, डाव टाकायचं काम तोच करेल. आधी तारीख आणि समोरच्याचं नाव असलेले डाव वेगळे काढा, सकाळी चहाच्या टपरीवर गंमत म्हणून खेळलेले वेगळे. वहीत किती हरलेले आहेत ते पहिल्यांदा मोजा. नसतील तर आजोबांना शांतपणे विचारा की तुम्ही कोणाकडून हरत होता, चिडतील, पण नावं सांगतील. बाहेरगावी कुठं खेळायला गेले होते का, सांगली, पुणे, कुठंही, तिथला एक जरी निकाल मिळाला तरी तो गिरणीतल्या पन्नास डावांपेक्षा जास्त कामाचा. आणि पोराला सांगा, मॉर्फीच्या पॅरिसच्या त्या अकरा डावांपैकी अँडरसन जिंकलेले दोन आधी इंजिनशिवाय बघून ये, मॉर्फी नेमका कुठं चुकला ते स्वतः शोधून लिहून आण. सापडलं तर जिल्हा स्पर्धेबद्दलचं त्याचं म्हणणं मी परत विचारात घेतो.